झुंबरमावशींचं नाक

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात, वनस्पतींच्या प्रयोगशाळेत, शेवाळे सरांचा डोळे मिटून विश्वास दोनच गोष्टींवर होता. एक वजनकाटा आणि दुसरं झुंबरमावशींचं नाक. वजनकाटा दर वर्षी दुरुस्तीला जायचा. नाकाची मात्र एकोणीस वर्षांत एकदाही तक्रार आली नव्हती, आणि ही गोष्ट मावशी आल्यागेल्याला स्वतःच सांगत.

झुंबर पगारे मूळच्या चांदवडकडच्या. नवरा याच कॉलेजात शिपाई होता. तो अचानक गेला आणि त्याच्या जागी या लागल्या. पहिल्या दिवशी त्यांनी काचेचं एक उंच यंत्र पाहिलं. खाली उकळणारं द्रावण, वर झाडपाल्याची पूड, आणि त्या पुडीवर दिवसभर थेंब थेंब गळून तिचा अर्क खाली उतरतोय. मावशींनी पदर खोचून विचारलं, "ह्यो येवढा चहा पितं कोण?" सर अजूनही नव्या विद्यार्थ्यांना हे सॉक्सलेट यंत्र शिकवताना त्याला मावशींचा चहाच म्हणतात.

त्यानंतर मावशी त्या चहात अशा मुरल्या, की अर्क पुरता उतरला की नाही हे घड्याळाआधी त्यांना कळायला लागलं. कुठली पूड दमट आहे, कुठल्या बाटलीचं बूच सैल आहे, हे त्या दारातून सांगत. एकदा एका व्यापाऱ्याने अश्वगंधेची मुळं म्हणून पोतं आणून टाकलं. मावशींनी एक मूळ मोडून नाकाशी धरलं आणि म्हणाल्या, "ह्याला घोड्याचा वास नाय. परत न्या." व्यापारी हसला. सरांनी तपासणी केली आणि पोतं परत गेलं. मग व्यापारी हसायचा थांबला.

एवढं नाव झाल्यावर माणसाला थोडा तोरा येतोच. मावशींना जरा जास्तच आला होता. प्रयोगशाळेच्या दारावर त्यांनी आपल्या हाताने एक पाटी रंगवून लावली होती: 'येथे कशातही काहीही मिसळू नये. हुकुमावरून, झुंबर पगारे.' हुकूम कुणाचा, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. एकाच चमच्याने दोन पुड्या ढवळणाऱ्या पोराला त्यांनी अख्खा एक दिवस बाहेर उभं केलं होतं. नमुन्यांच्या खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला असे. खुद्द सरांनासुद्धा ती मागून घ्यावी लागे.

अशा या मावशींचं संजनाशी फार जमलं. संजना देवरे सरांकडे पीएचडी करत होती. कोरोनात तिचं नाक गेलं ते पुरतं परत आलंच नाही. फोडणी करपली तरी तिला धूर दिसल्यावरच कळायचं. झाडपाल्याच्या अभ्यासात ही मोठीच पंचाईत. मग "मावशी, जरा बघा ना याचा वास" असं दिवसातून दहा वेळा व्हायचं. इकडे मावशींना इंग्रजीचा गंध नव्हता. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या संजना वाचून दाखवी. एकीचं नाक आणि दुसरीचे डोळे, असा तो संसार चालला होता.

संजनाच्या अभ्यासाचं झुडूप कळवणच्या डोंगरात उगवतं. लॅटिन नाव ओळभर लांब. तिथली माणसं त्याला भुरकाटी म्हणतात. पाला राखाडी, चुरला की थोडा चहापत्तीसारखा वास. सहादू नावाचा तिथला एक शेतकरी तो तोडून, सावलीत वाळवून पाठवायचा. त्यानेच सांगितलं होतं, की धान्यात हा पाला घातला तर सोंडे किडे लागत नाहीत. सोंड्यांना मारणारा पाल्यातला नेमका घटक कोणता, हे संजनाला शोधायचं होतं.

मागच्या वर्षी पहिलं पोतं आलं आणि संजनाचं नशीब फळफळलं. पाल्याचा अर्क काढून तिने कागदावर थेंबभर लावला आणि गव्हातले वीस सोंडे त्यावर सोडले. दुसऱ्या दिवशी एकोणीस मेलेले, विसावा आडवा. मग तिने अर्काचा ठिपका काचपट्टीवर लावून पट्टी द्रावणात उभी केली. द्रावण पट्टीवर चढतं तसतसे अर्कातले घटक सुटे होऊन आपापल्या उंचीला थांबतात. जांभळ्या दिव्याखाली पट्टी धरली, तर वरच्या बाजूला एक ठसठशीत काळा ठिपका. या झुडपावर आजवर जे काही छापून आलं होतं, त्यात तो ठिपका कुठेच नव्हता.

"संजना," शेवाळे सर चष्मा काढून म्हणाले, "हा नवीन घटक दिसतोय."

सरांनी त्या ठिपक्याचं बारसंही करून टाकलं, भुरकाटिन. पुण्याच्या परिषदेत संजनाचा निबंध मंजूर झाला. प्राचार्यांना कळलं तेव्हा त्यांनी शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठरवला आणि शाल आणूनही ठेवली. आता फक्त नव्या पाल्यावर तोच प्रयोग पुन्हा करून दाखवायचा होता. शास्त्राचा नियमच तो. एकदा झालं तो योगायोग, पुन्हा झालं तरच ते खरं.

यंदा दुसरं पोतं आलं आणि गाडी रुळावरून घसरली. तोच सहादू, तोच डोंगर, तोच पाला. संजनाने अर्क काढला, सोंडे सोडले. सोंडे मजेत फिरत राहिले. आठ दिवसांनी बघितलं तर वीसच्या वीस जिवंत, आणि दोघांचं तर लग्न जमल्यासारखं दिसत होतं. काचपट्टीवर काळा ठिपकाही नाही. तिने पुन्हा केलं. पाच वेळा केलं. भुरकाटिन जणू गाव सोडून गेलं होतं.

"मोसम चुकला असेल," सर म्हणाले. "यंदा पाऊस लांबला. पानात घटक उतरलाच नसेल."

असं होऊ शकतं, त्यामुळे ते सगळ्यांना पटलं. फक्त संजनाला पटलं नाही. तिला वाटत होतं, चूक आपल्याच हातात आहे. परिषद बारा दिवसांवर आली होती. शुक्रवारी तिने दोन्ही वर्षांच्या अर्कांच्या बाटल्या मावशींपुढे ठेवल्या. पहिला अर्क काढला तेव्हा मावशी मुलाच्या लग्नासाठी पंधरा दिवस रजेवर होत्या आणि त्या आल्या तोवर बाटली सील होऊन फ्रीजमध्ये गेली होती. त्या बाटलीवर त्यांचं नाक कधी गेलंच नव्हतं.

"दोन्हीत फरक लागतोय का बघा, मावशी."

मावशींनी यंदाची बाटली हुंगली. "ह्यो पाला. चहापत्ती." मग पहिली उघडली आणि त्या थबकल्या. पुन्हा हुंगली. "ह्यात पाला हाय, पण अजून कोनतरी हाय."

"कोण?"

"वळखीचं हाय गं. लय जवळचं हाय. पर नाव येत नाय तोंडावर."

बाजारात ओळखीचं माणूस भेटावं, त्याने आपल्या घरची खुशाली विचारावी आणि आपल्याला त्याचं नाव आठवू नये, तशी मावशींची गत झाली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच नाकाने दगा दिला होता. त्या दिवशी त्या कुणावर ओरडल्या नाहीत. पोरांना वाटलं, मावशींना बरं नाही.

रविवारी मावशी नाशिकरोडला लेकीकडे गेल्या. तेजलला दीड महिन्याची मुलगी होती. तिच्या सासूबाईंनी नातीला न्हाऊ घातलं, पुसलं, टाळूवर कसलीशी पूड चोळली आणि दुपट्यात गुंडाळून मावशींच्या मांडीवर दिली. मावशींनी नेहमीसारखं नाक तिच्या टाळूला लावलं आणि त्या ताठ बसल्या.

"आई, काय झालं?" तेजलने विचारलं.

"हिच्या डोक्याला काय लावलंय?"

"वेखंड. काय लावणार? तूच तर आणून दिलंस."

वेखंड. पहिल्या बाटलीत जे ओळखीचं बसलं होतं, ते वेखंड. आणि ते तिथे कसं गेलं, हेही मावशींना त्याच क्षणी आठवलं. मागच्या वर्षी पहिलं पोतं आलं तेव्हा नमुन्यांच्या खोलीत कसरीची कीड झाली होती. पोतं महिनाभर तिथे पडून राहणार होतं. मावशींची आई आक्काबाई धान्याच्या कोठीत, कपड्यांच्या पेटीत, सगळीकडे वेखंडाची कांडकी टाकायची. आपल्या संजनाचा अभ्यास कसरीने खाऊ नये म्हणून मावशींनी घरून सात-आठ कांडकी आणली आणि प्रेमाने पोत्यात खुपसली. नंतर रजा, लग्न, पाहुणे. त्या ते साफ विसरल्या. यंदा खोलीत घट्ट झाकणाचे पत्र्याचे डबे आले होते, म्हणून वेखंडाची गरजच पडली नव्हती.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दारावर पाटी लावणारीनेच पोत्यात मिसळलं होतं. मावशींनी नातीला लेकीच्या हातात दिलं आणि चहा न घेताच बस पकडली.

बसमध्ये त्यांच्या मनात काही आलं नाही, असं नाही. कुणी पाहिलं नव्हतं. संजनाला वास येत नाही. सरांचं नाक बारा महिने चोंदलेलं. मोसम चुकला हे सरांनी स्वतःच ठरवलं होतं. दोन वर्षं राहिली होती नोकरीची. गप्प बसलं तर किल्ली कमरेला राहणार होती, पाटी दारावर राहणार होती आणि नाकाचं नाव नाकाच्या जागी. ठरलं, नाय सांगायचं, असं त्या घराची कडी काढताना स्वतःशी म्हणाल्या. रात्री भाकरी मात्र अर्धीच खाल्ली.

सोमवारी त्या कॉलेजात गेल्या, तर संजना पाठीला पिशवी लावून निघालेली.

"कुठं?"

"कळवणला. डोंगरावर जाऊन मीच पाला तोडून आणते. सहादूभाऊंचं काही चुकलं नाही, सरांचंही नाही. माझाच हात वाईट आहे, मावशी. मला हे काम जमत नाही, एवढंच आहे. हे शेवटचं करून बघते, नाहीतर सोडते."

हे ती रडत बोलली असती तर मावशींनी समजूत घालून तिला पाठवलं असतं. पण ती अगदी शांतपणे बोलली. पोरीने मनात सगळं ठरवून टाकलं होतं. मावशींनी तिच्या पाठीवरची पिशवी काढली, तिचा हात धरला आणि तिला सरळ सरांच्या केबिनमध्ये नेलं. कमरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली.

"सर, हिचा हात चांगला हाय. माझा वाईट हाय. मागच्या साली पोत्यात मी वेखंड टाकलं व्हतं."

सरांना आधी काही कळेना. मावशींनी पहिल्यापासून सांगितलं. कसर, कांडकी, लग्न, नातीची टाळू, सगळं. सांगताना त्यांचा आवाज एकदाच फाटला, पाटीचा विषय आला तेव्हा. संजना मध्येच उठली आणि मागच्या वर्षीची वही घेऊन आली. पूड केल्याच्या दिवशी तिने लिहिलं होतं: काही देठ फार टणक, मिक्सरचं पातं तुटलं.

"हे देठ नव्हते तर," ती म्हणाली.

"देठ कसले, माझी कांडकी ती," मावशी म्हणाल्या. "वेखंड वळखता येत नाय व्हय गं तुला?"

"मला फक्त पूड माहीत आहे, मावशी. डबीतली."

सर उठून थेट प्रयोगशाळेत गेले, मागोमाग दोघी. मावशींनी आपल्या पिशवीतून एक कांडकं काढून दिलं. ते घेऊनच त्या आल्या होत्या, म्हणजे मनाने कबुली रात्रीच दिली होती, फक्त त्यांना ते ठाऊक नव्हतं. वेखंडाचा अर्क काढला. काचपट्टीवर एका बाजूला पहिल्या बाटलीचा थेंब, शेजारी वेखंडाचा. अर्ध्या तासाने सरांनी पट्टी जांभळ्या दिव्याखाली धरली. दोन काळे ठिपके एकमेकांशेजारी, एका उंचीवर, जुळ्या बहिणींसारखे.

"बीटा-असारोन," सर म्हणाले. "वेखंडातला सगळ्या जगाला माहीत असलेला घटक. आणि मी त्याचं बारसं करून मोकळा झालो." आणि ते हसायला लागले. चांगले डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. संजना हसली. मावशी काही हसल्या नाहीत. त्यांचा हात कमरेला, किल्लीच्या रिकाम्या जागी गेला होता.

निबंध मागे घेण्याची मेल त्याच दुपारी पुण्याला गेली. सत्कार रद्द झाला. शाल प्राचार्यांच्या कपाटात राहिली. तिला कसर लागेल, आत वेखंड ठेवा, असं सांगायचं मावशींच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्यांनी तोंड मिटून घेतलं. वेखंड हा शब्द काही दिवस न उच्चारलेलाच बरा होता.

खरी गंमत संध्याकाळी झाली. पाला आता नको, हे कळवायला संजनाने सहादूला फोन लावला आणि झालेली फजिती सांगितली. फोन स्पीकरवर होता.

"पर ताई," सहादू म्हणाला, "नुसता पाला कोन टाकतं? पाल्यासंगं वेखंडाचं कांडकं टाकत्यात की. आमची म्हातारी तसंच करती."

संजनाने फोन जवळ ओढला. "मग भाऊ, तुम्ही हे आधी का नाही सांगितलं?"

"तुमी पाल्याचं इचारलं. वेखंडाचं इचारलं आस्तं तर वेखंडाचं सांगितलं आस्तं."

"वेखंडानेच सोंडे मरतात ना, मग पाला कशाला घालता?"

"ते काय म्या शिकलेलो नाय. म्हातारी म्हंती, नुसतं वेखंड महिन्यात उडून जातं. पाला त्याला धरून ठिवतो."

फोन बंद झाला. शेवाळे सरांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांच्या तोंडावर पहिला ठिपका दिसला होता तेव्हाचं तेज पुन्हा आलं होतं, फक्त या वेळी त्यांनी कशाचंही बारसं केलं नाही.

तीन डबे मांडायचे ठरले. तिन्हींत एकाच पोत्यातला गहू. पहिल्यात नुसती भुरकाटी, दुसऱ्यात नुसतं वेखंड, तिसऱ्यात दोन्ही. दर आठवड्याला ताजे वीस सोंडे सोडायचे आणि मेलेले मोजायचे. सगळं ठरल्यावर सरांनी टेबलावरची किल्ली उचलून मावशींपुढे धरली.

"सर, नको. माझ्यावर इस्वास..."

"मावशी, तुम्ही सांगितलं नसतं, तर मी पुण्यात सगळ्यांसमोर वेखंडाला नवा घटक म्हणून उभा राहिलो असतो. डबे कुलपात ठेवायचे आहेत. किल्ली कोण सांभाळणार?"

मावशींनी किल्ली घेतली. कमरेला मात्र लगेच खोचली नाही, थोडा वेळ मुठीतच धरली.

पुढचे दोन महिने मावशींनी त्या डब्यांची जी राखण केली, ती बघण्यासारखी होती. खोलीत कुणी शिरलं की आधी त्याचे हात हुंगले जात. डोक्याला लावलेल्या तेलावरून एका प्राध्यापकांना परत पाठवलं गेलं. संजना सोंडे मोजताना मावशी शेजारी उभ्या राहून स्वतः मोजत, आणि दोघींचा आकडा जुळला तरच तो वहीत जाई.

पहिल्या डब्यात सोंड्यांनी सुरुवातीपासूनच गाव वसवलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या डब्यात पहिले तीन आठवडे सोडलेले सगळे मरत होते. चौथ्या आठवड्यात दुसऱ्या डब्यात, नुसत्या वेखंडाच्या, पाच जगले. पाचव्यात अकरा. सहाव्यात सतरा. त्याच सहाव्या आठवड्यात संजनाने तिसऱ्या डब्याचं झाकण उघडलं. वीस सोंडे, वीसही मेलेले. सातव्या आठवड्यात वीस. आठव्यात एकोणीस.

"विसावा आडवा हाय," मावशी म्हणाल्या. "जातोय."

संजनाने त्यांना तिथल्या तिथे मिठी मारली. प्रयोगशाळेत अंगाला अंग लागू द्यायचं नाही, हा मावशींचा आणखी एक नियम होता. त्या दिवशी तो कुणाला आठवला नाही.

सरांनी आकडे दोनदा वाचले. "तीन डब्यांनी काही सिद्ध होत नाही," ते म्हणाले. "आता तीस लावा. पाला वेखंडाच्या तेलाला कशाने धरून ठेवतो, हे शोधायचं. संजना, तुझ्या प्रबंधाला विषय मिळाला." मग जरा थांबून म्हणाले, "लिहिताना पहिल्या पानावर खरं ते लिही. नमुन्यात वेखंड कसं आलं, कुणी घातलं, कुणी सांगितलं, सगळं."

"माझं नाव घालू नगा, सर," मावशी म्हणाल्या. "चूक ती."

"घालणारच," संजना म्हणाली. "चूक तुमची होती, पण सांगितलंतही तुम्हीच. नुसती चूक मी छापणार नाही."

 दुपारी मावशींनी पांढऱ्या रंगाची डबी आणि बारका कुंचला काढला आणि दारासमोर स्टूल घेऊन बसल्या. कुणालाही जवळ येऊ दिलं नाही. संध्याकाळी सर घरी निघाले तेव्हा रंग अजून ओला होता. पाटीवरची जुनी ओळ तशीच होती: 'येथे कशातही काहीही मिसळू नये.' 'हुकुमावरून' हा शब्द खोडला होता. नावाच्या वर, होती तेवढ्याच जागेत, दाटीवाटीने नवी ओळ बसवली होती: 'मिसळले गेल्यास त्याच दिवशी सांगावे.' आणि खाली, जुन्याच अक्षरात, झुंबर पगारे.